एका हाकेला ओ देऊ नये

१२ ऑक्टोबर
उकाडा. पंखा नुसती गरम हवा इकडची तिकडे करतोय. दुपारी पुण्याहून शिरीषचा फोन. ओपन सोर्सवाल्यांचं, म्हणजे प्रोग्रॅम लिहून फुकट वाटणाऱ्यांचं, संमेलन डिसेंबरात, आणि यंदा रत्नागिरीत! दरवर्षी पुणं नाहीतर बंगळूर. म्हटलं, इथे बंदराचा वास येतो, सोसेल का मंडळींना? म्हणाला, "संगीता, तुझा 'ओ' हाच मुख्य विषय आहे. नवरीच्या गावीच लग्न लावू या." ज्यांची वर्षानुवर्षं नुसती नावं पडद्यावर पाहिली, ज्यांनी माझ्या चुका फुकटात सुधारल्या, ती सगळी आमच्या दारात येणार. फार आनंद झाला. लिहून ठेवते, नंतर विसरायला होतं.
आईला सांगितलं. तिचा पहिला प्रश्न, "मासं खातात ना गो ती?"

१६ ऑक्टोबर
पत्रिकेसाठी 'ओ'ची माहिती थोडक्यात हवीय. इथेच कच्चं लिहिते.
बोटीवर एक डबी. बंदरावरच्या आमच्या खोलीतून डबीला हाक जाते, "हो बोटवाल्याऽऽ". तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, बटण दाबलं की खोलीत 'ओ' येतो, पडद्यावर बोट हिरवी. नाही दाबलं तर बोट पिवळी, आणि थोडं थांबून दुसरी हाक. तिसरी मात्र आपोआप जात नाही. खोलीत बसलेल्या माणसाने विचार करून मारायची. कारण तिसरीलाही ओ आला नाही तर बोट लाल होते आणि आसपासच्या सगळ्या बोटी जाळी टाकून शोधायला निघतात.
बटण माणसानेच दाबायचं. आपोआप उत्तर देणारी डबी करणं सोपं होतं, पण मग रिकामी बोटसुद्धा ओ देत राहील. बाबांची बोट गुहागरसमोर सापडली तेव्हा इंजिन चालू होतं आणि टोपात भात होता. माणूस नव्हता.
हे शेवटचं पत्रिकेत नको.
तीनच हाका का, असं परदेशातले लोक नेहमी विचारतात. कोडमध्ये त्या जागी मी मराठीत एक ओळ लिहिलीय: 'एका हाकेला ओ देऊ नये. (बाबा)'. यंत्र ती वाचत नाही, माणसांसाठी आहे. आमच्यात दर्यावर गेलेला माणूस एका हाकेला तोंड उघडत नाही. माणूस असेल तर तीनदा हाक मारील. एकदाच मारून गप्प बसतं ते माणूस नव्हे.
आवाज आईचा आहे. पहिल्या दोन हाका तिच्या. तिसरी रेकॉर्ड करायला ती बसलीच नाही, उठून गेली. ती माझ्या आवाजात आहे. हेही पत्रिकेत नको.

२९ ऑक्टोबर
दिनूशी भांडण. धाकटा भाऊ म्हणून लाडावून ठेवलाय, आता बाबांच्या बोटीचा तांडेल झाला तरी तसाच. रोज संध्याकाळी त्याची बोट पिवळी. पहिल्या हाकेला ओ नाही, दुसरीला नाही. मला तिसरी मारायला लावतो आणि मग आरामात बटण दाबतो.
"ताई, पयल्या हाकेला हात उचलतच न्हाय. सवय हाय."
"अरे, हाक आईच्या आवाजात आहे!"
"मंग तर अजिबात न्हाय. आई दर्यात कशी असंल?"
सगळ्या वाडीचे तांडेल असंच करतात. मागे परदेशात उत्तरेकडच्या कुठल्याशा बेटावरच्या मारितने विचारलं होतं (तिथल्या बोटींवरही 'ओ' आहे), तुमच्याकडे नेटवर्क इतकं वाईट आहे का? लिहिलं, नेटवर्क नाही, वाडवडील.

६ नोव्हेंबर
शि. (शिरीष) आला. बरोबर एक पाहुणे. नौदलातून कमांडर म्हणून निवृत्त झालेले, आता संरक्षणसामग्रीच्या एका कंपनीत. (यापुढे क.सा.) वाटलं होतं कुणी ताठ, मिशीवाला असेल. मूळचे खेडकडचे निघाले, भाऊ लोट्याच्या कारखान्यात पाळीवर जातो. आईने बांगडा तळला. त्यांनी काटा असा काढला की आईला तिथेच ते आवडले.
प्रस्ताव असा. संमेलनाचा सगळा खर्च त्यांची कंपनी करणार. शिवाय बंदरातल्या झाडून सगळ्या बोटींना डब्या फुकट. माझा घास तोंडातच राहिला. या डब्यांसाठी मी कुणाकुणाच्या पायऱ्या झिजवल्यात ते मलाच माहीत. निम्म्या बोटी अजून डबीशिवाय जातात आणि त्यांची माणसं परत येईपर्यंत मला जेवण जात नाही.
कंपनी काय बनवते? गस्तीच्या बोटी. सैन्यासाठी, समोरच्या बोटीला 'ओ'नेच हाक मारणाऱ्या. बिनमाणसांच्या.
आईने विचारलं, "बिनमाणसाची म्हंजे?"
"आत कुणी नसतं, काकी. स्वतः जाते, स्वतः बघते."
"मंग परत कोण आणतं तिला?"
"तीही स्वतःच येते."
आई ताटं न उचलता आत गेली. तिने असं कधी केलेलं नाही.

७ नोव्हेंबर
काल एक विचारायचं राहिलं. त्या बोटीने हाक मारली आणि ओ आला नाही, तर ती काय करते?
शि.ला मेल केला. उत्तर एका ओळीचं. 'गस्तीची बोट जे करते ते.'

१४ नोव्हेंबर
स्पॉन्सरचं नाव जाहीर झालं आणि मेलिंग लिस्टवर शिमगा. मारित येत नाही म्हणाली. तिचं पत्र सभ्य आणि थंड: ज्या व्यासपीठामागे बंदुकवाल्यांचा लोगो आहे त्यावर मी उभी राहणार नाही, संगीता, तुझ्यावर राग नाही. राग असता तर बरं झालं असतं. आणखी दोघं गळाली. कुणी लिहिलं, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, आता टाळी वाजवायची तयारी ठेवा.
दुसरीकडून साताऱ्याची एक मुलगी. 'माझा भाऊ सीमेवर आहे. त्याच्या पैशाचा तुम्हाला विटाळ होतो का?' तिचंही खरंच आहे. आमच्या वाडीतून दोघे नौदलात आहेत, सुट्टीला आले की अख्खी वाडी त्यांना बघायला जाते. आणि त्या वर्षी मुंबईत जे मारेकरी उतरले, ते मच्छीमार बोटीतूनच आले होते. त्यानंतर कितीतरी दिवस आमच्याच बोटींकडे सगळे संशयाने बघायचे. दोन्ही बाजू मला माहीत आहेत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.
शि.चा फोन. "लायसन्स तूच निवडलंस ना? कुणीही वापरावं, कशासाठीही. मग आता कुरकुर कसली?"
"विहीर सगळ्यांना मोकळी आहे. म्हणून तिच्यात काय टाकायचं तेही ज्याने त्याने ठरवायचं का?"
"तू भावनेवर जातेस."
हो, जाते.

१९ नोव्हेंबर
सोसायटीत तांडेलांची बैठक. फुकट डब्या म्हटल्यावर कुणाला लोगो आणि कुणाला तत्त्व. "देतायत तर घे गो, कशाला येड घेऊन पेडगावला जातंस," असं चेअरमन सगळ्यांसमोर म्हणाले. हशा. गेल्या पावसाआधी ज्यांचा मुलगा डबी नसलेल्या बोटीवरून परतला नाही, ती माणसं समोर बसली होती. ती हसली नाहीत, नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्यांच्या नजरेला नजर देता येईना.
इब्राहिमचाचा शेवटी थांबले. बाबांबरोबर एका बोटीवर वाढलेले, बंदरातले सगळ्यात जुने तांडेल. म्हणाले, "बिनमाणसाची बोट हाक मारणार. आम्ही ओ देणार. बरं. पण आमचा ओ ऐकायला तिथे आहे कोण?"
मी म्हटलं, यंत्र ऐकतं, चाचा.
"ते ऐकतं. समजतं का?"

२३ नोव्हेंबर
कंपनीकडून 'ओ'मध्ये बदल सुचवणारा पॅच आला. नेटका, स्वच्छ, शाळेतल्या हुशार मुलाने लिहावा तसा. अर्ध्या गोष्टी तर मी केव्हाच करायला हव्या होत्या. पल्ला वाढवलाय, बॅटरी जास्त टिकेल. खाली येता येता थबकले.
तीन होतं तिथे एक.
एका हाकेला ओ नाही की बोट थेट लाल. मधली पिवळी काढून टाकली. दुसरी हाक काढली, तिसरी काढली, माणसाने विचार करायची जागा काढली. आणि बाबांची ओळ. त्यापुढे शेरा: 'अनावश्यक मजकूर हटवला'.
आईने दोनदा विचारलं, काय झालं गो? म्हटलं, काही नाही. काय सांगू, बाबांना पुसलं म्हणून?

२४ नोव्हेंबर
क.सा.ना फोन. ओरडायचं ठरवून केला होता, त्यांनी ओरडू दिलं नाही. सगळं ऐकून घेतलं.
"ताई, जो घातपात करायला आलाय तो तीन हाकांपर्यंत थांबत नाही. दुसऱ्या हाकेला तो किनाऱ्याला लागलेला असतो."
"आणि जो बांगडा पकडायला आलाय तो पहिल्या हाकेला ओ देत नाही. आमच्याकडे कुणीच देत नाही, साहेब. म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी."
ते म्हणाले, "माझी आजी पण हेच सांगायची. विहिरीवर एक हाक आली तर वळून बघू नको. मी स्वतः तिसऱ्या हाकेचाच माणूस आहे. पण ती बोट तशी नाही."
"मग तिला करा."
"वेळ लागतो हो तीन हाकांना. सगळा प्रश्न वेळेचाच आहे." पुढे म्हणाले, "तुम्ही तुमच्या लोकांना एवढंच शिकवा. पहिल्या हाकेला ओ द्या. साधी गोष्ट आहे."
राग यावा असा माणूस नाही. त्याचंच जास्त वाईट वाटतं.

३० नोव्हेंबर
लिहायचं नव्हतं ते लिहिते. डोक्यातून जात नाही.
बाबांची बोट ओढून आणली त्या संध्याकाळी आई मांडवीला पाण्यात गुडघाभर जाऊन उभी राहिली. आमच्यात माणूस मिळाला नाही तर घरच्यांनी दर्याकडे तोंड करून तीनदा हाक मारायची. तिसरीला ओ आला नाही की गेला म्हणायचं, मग पुढचे विधी. नवऱ्याचं नाव ती घेत नाही, तेव्हाही घेतलं नाही. "दिनूच्या बाबाऽऽ." थोरली मी, पण हाक नेहमी दिनूच्या नावाने. थांबली. पुन्हा "दिनूच्या बाबाऽऽ". सगळी वाडी मागे उभी होती, तिसरीची वाट बघत. आई मागे वळली, लुगडं पिळलं आणि घरी आली.
सगळ्यांनी समजावलं. तिचं एकच. "तिसरी माज्याजवळ हाय. मी मारणार न्हाय."
म्हणून तिने तिसरी रेकॉर्ड केली नाही. म्हणून कुंकू लावते. म्हणून संध्याकाळी भात एक मूठ जास्त पडतो, सकाळी मांजराला जातो, आणि त्याबद्दल आम्ही तिघं कधी बोलत नाही.
'ओ'मध्ये तिसऱ्या हाकेआधी थांबायची जी जागा आहे, ती आईची आहे. पॅच लिहिणाऱ्या मुलाला हे कसं कळावं? मी कुठे सांगितलं होतं?

४ डिसेंबर
पॅच नाकारला. कारणाच्या रकान्यात लिहिलं: एक हाक पुरेशी नाही. शि. भडकला. मग संयोजकांचं मतदान झालं, स्पॉन्सर ठेवायचा की सोडायचा. ठेवायचा, असं बहुमत. मी विरोधात आणि एकटी नव्हते, एवढंच समाधान. कंपनीने नम्रपणे कळवलं की ते 'ओ'ची स्वतःची आवृत्ती काढतील. लायसन्स तशी मुभा देतं. देतंच.
संमेलन सोडून जावं का? जाऊन कुठे जाणार, माझ्याच गावात आहे.

१३ डिसेंबर
संमेलन, पहिला दिवस. सभागृह भरलेलं. मागे लोगो एवढा मोठा की बोलणाऱ्याचं डोकं त्याच्या मधोमध यायचं. मी बोलायला उठले तेव्हा मारितची खुर्ची मुद्दाम रिकामी ठेवायला लावली होती. तीन हाका का, ते सांगितलं. बाबांची ओळ वाचून दाखवली. निम्म्यांनी टाळ्या वाजवल्या, निम्म्यांनी फोन काढले. साताऱ्याची ती मुलगी येऊन भेटली. डोळे भरलेले. म्हणाली, "ताई, मी तुमच्या विरोधात नाहीये. भावाची काळजी वाटते इतकंच." म्हटलं, मलाही भावाचीच वाटते.

१४ डिसेंबर
आज आरे-वारेला डेमो. वरच्या रस्त्यावर मंडप, मोठा पडदा, खाली समुद्र. कंपनीची राखाडी बोट वाळूशी उभी. कुणीतरी तिला झेंडूचं तोरण बांधलं होतं, नारळही फोडला. आत माणूस नाही आणि गळ्यात हार. 'अनोळखी बोट' म्हणून दिनूची बोट लांब उभी. त्यांनी दिनूला विचारलं तेव्हा तो मला न सांगता हो म्हणाला होता. गंमत वाटली असणार.
आई माझ्या शेजारी. दिनूचा जेवणाचा डबा घेऊन आली होती.
राखाडी बोट सुटली. इंजिनाचा आवाज जवळजवळ नाहीच. दिनूच्या समोर गेली, थांबली आणि तिच्या कर्ण्यातून पाण्यावरून हाक आली.
"हो बोटवाल्याऽऽ."
आईचा आवाज.
कोडमधून आईचा आवाज काढून ठेवायचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कोडबरोबर तोही खुलाच होता. त्यांनी पहिली हाक तेवढी घेतली. आई माझ्या दंडाला धरून होती, तिची बोटं रुतली. "संगे, ही मी."
दिनू नाळेवर, बोटीच्या पुढच्या टोकाला, उभा. हात खाली. आम्ही सगळे असेच वाढलोय, तो दुसरीची वाट बघत होता. मंडपातल्या पडद्यावर त्याची बोट लाल झाली. राखाडी बोटीने त्याला एक वळसा घातला, नाळ त्याच्या बोटीच्या पोटावर रोखली आणि तशीच उभी राहिली. टाळ्या. हाक ना बोंब म्हणतात. इथे हाक होती, तेवढीच.
मग दिनूच ओरडला, काय भेंडी चाललंय वगैरे. सगळे हसले. डेमो संपला.
आई हसली नाही. मला विचारलं, "माजी दुसरी हाक कुटं गेली?"

१५ डिसेंबर
पाहुणे गेले. क.सा. जाताना घरी आले, आईच्या पाया पडले. आवाज काढून टाकायला सांगतो म्हणाले. पुढे म्हणाले, पण ज्या प्रती आधीच गेल्यात त्यांचं सांगता येत नाही. मला ठाऊक आहे. दिलेलं परत मागता येत नाही, असं लायसन्समध्ये मीच लिहिलंय, मोठ्या अभिमानाने.
आईने त्यांना निरोपाचं दही दिलं नाही. दारापर्यंत मात्र गेली.

२२ डिसेंबर
नव्या डब्या बंदरात आल्या. सगळ्यांना मिळाल्या. ज्यांच्या बोटींवर काही नव्हतं त्यांच्याकडेही आता आहे. आज त्यांच्यातली एक बाई मला बाजारात बघून हसली, पापलेटाचे पैसे घेईना. हे चांगलं झालं. हेही लिहायला हवं.
दिनूनेही घेतली. "ताई, बॅटरी दोन दिवस जास्त चालते." जुनी काढलीस? "न्हाय. जुनी बोटीवरच देवाजवळ ठेवलीय, चालू हाय." म्हणजे दोन डब्या. नवी त्यांच्या हाकेला बांधलेली, जुनी माझ्या.

२८ डिसेंबर
आठवडाभर दारोदार. पहिल्या हाकेला ओ द्या. पहिल्या हाकेला ओ द्या. बाबांच्या ओळीवर मीच बोळा फिरवत चाललेय. तरणे हो म्हणतात आणि विसरतात. इब्राहिमचाचांनी चहा पाजला. "देईन बेटा. तू सांगतेस म्हणून देईन. पण माझं नाव काय, ते बघून ती बोट दुसरी हाक मारील असं वाटतं तुला?" आणि मोठ्याने हसले. मला हसू आलं नाही.
परत येताना भाट्याच्या पुलावर, दिवेलागणीला, मागून हाक. "संगेऽऽ."
"ओ," म्हटलं. तोंडातून निघूनच गेलं. दिवसभर तेच शिकवत होते ना.
मागे कुणी नव्हतं. खाली खाडीला ओहोटी लागलेली. उभी राहिले, दुसरी येईल म्हणून. आली नाही.
मला संगे म्हणणारी दोनच माणसं. आई घरी होती, विचारून घेतलं.

६ जानेवारी
राखाडी बोटींची चाचणी सुरू झाली. जयगडपासून खाली. पत्रक आलंय, मराठीत, चांगलं छापलेलं. बोटींवर सध्या कोणतेही शस्त्र नाही, असं ठळक अक्षरात. क.सा.नी फोन करूनही सांगितलं. मी विचारलं, "सध्या म्हणजे?" म्हणाले, "सध्या म्हणजे सध्या, ताई. मी खोटं बोलत नाही." मला वाटतं, खरंच बोलत नाहीत.
चाचणीत मदत म्हणून त्यांचा पडदा माझ्या फोनवर दिलाय. शि. म्हणतो, बघ, किती पारदर्शक आहेत.
'सध्या' हा शब्द घरभर फिरतोय. भांडी घासताना, केस विंचरताना.

११ जानेवारी
दिनूशी पुन्हा तेच.
"दे की रे पहिल्या हाकेला. माझ्यासाठी दे."
"आईचा आवाज काडला का त्यांनी?"
"काढलाय म्हणतात."
"मंग कुणाचा हाय आता?"
कुणाचाच नाही. यंत्राचा. हे ऐकल्यावर म्हणाला, "मंग तर झालंच," आणि जाळं खांद्यावर टाकून गेला. त्याचा होकार की नकार, कळलं नाही.

१९ जानेवारी
दुपार. खोलीत बसून लिहितेय. हाताला काहीतरी हवं म्हणून.
सकाळपासून उत्तरेचा वारा. बाकीच्या बोटी परतल्या, दिनू नाही. बरोबरचे सांगतात, जयगडजवळ होता, म्हणाला एक फेरी मारून येतो. तिथे डोंगराच्या आडोशाला डबी कधी कधी ऐकत नाही. हे मला माहीत आहे. आडोशालाच असणार.
त्यांच्या पडद्यावर त्याची बोट लाल. केव्हाची. बाजूला लिहिलंय, हाक दिली, प्रतिसाद नाही. क.सा.चा फोन लागत नाही. शि. म्हणाला, "अगं, चाचणी आहे, घाबरू नको. रिकाम्या आहेत त्या बोटी." रिकाम्या आहेत हेच तर.
माझ्या पडद्यावर दिनू अजून पिवळा आहे. त्यांच्या हिशेबात तो संपलाय, माझ्या हिशेबात त्याच्या नावावर अजून एक हाक शिल्लक. जुनी डबी, देवाजवळची. पहिली गेली. ओ नाही, तो देतच नाही. दुसरी गेली. ओ नाही, दुसरीलाही देत नाही. आता तिसरी. रोज चिडून धाडकन दाबते ते बटण, आज हाताचं बोट पुढे जात नाही. दाबल्याशिवाय बोटी शोधायला निघणार नाहीत. दाबलं आणि ओ आला नाही, तर
मारायलाच हवी. ही जागा मीच ठेवलीय. माणसाने विचार करावा म्हणून. करतेय.

आई आली. कुणी सांगितलं कोण जाणे. मत्स्यबाजारातून तशीच, हातांना खवले. पडद्यावरचा रंग तिला कळतो. विचारलं, "किती झाल्या?"
"दोन."
"मंग बसलंस काय?"
म्हटलं, आई, तूच तर तिसरी मारली नाहीस.
"मी राकून ठेवली," म्हणाली. "काय मिळालं?"
मी माझी रेकॉर्ड केलेली हाक लावायला गेले. तिने हात धरला, माईक ओढून घेतला. कसा धरायचा ते तिला ठाऊक नव्हतं, उलटा धरला. मी सरळ करून दिला आणि बटण दाबून धरलं. वाटलं, दिनूला हाक मारील. तिने डोळे मिटले. मांडवीला उभी होती तशीच उभी राहिली.
"दिनूच्या बाबाऽऽ. पोराला घराकडं धाडा."
बटण सोडलं. ओ नाही. बोट लाल झाली. बाहेर इंजिनं सुरू व्हायला लागलीत, पहिली इब्राहिमचाचांची, तिचा ठोका ओळखू येतो. आई स्टुलावर बसलीय. कपाळ कोरडं, कुंकू जागेवर. मी मधूनमधून लिहितेय, ती पडद्याकडे बघतेय. दोघी बोलत नाही. बोललो तर ओ ऐकू येणार नाही.